एक सीट रिकामी

चार शहरं, पाच दिवस. एकोणीस वर्षं हाच धंदा माझा.
ताश्कंदला पहाटे गाडी धुवायची,
समरकंदला घुमटांपुढे सगळ्यांना उतरवायचं,
सांगायचं, पन्नास मिनिटं हं, घड्याळं जुळवा.
बुखाऱ्यात तुतीखाली एक चहा, मग मिनार, मग रात्र,
मग साडेचारशे किलोमीटर वाळू
आणि खिवा. तिथे पोचेस्तोवर
निम्मी माणसं तोंड उघडं टाकून झोपलेली.

मला विचाराल तर जाऊ नका.
(कंपनीला सांगू नका मी असं म्हणालो.)
मी आरशातून बघतो ना, परतताना फोन चाळतात
आणि एकमेकांना विचारतात, हा निळा घुमट कुठला?
निळे तर सगळेच.

गेल्या वैशाखात एकाने ऐनवेळी नाव काढून घेतलं.
झुलखुमोर आपाला कसं कळलं कोण जाणे.
शोफिर्कोनला आमच्या गल्लीत राहते,
पर्यटकांच्या पिशव्यांवर घुमट भरते रेशमाने,
मी आणून दिलेल्या कॅलेंडरवरून.
त्यातला एकही तिने पाहिलेला नव्हता.

म्हटलं, आपा, ही सहल म्हणजे नुसती पळापळ.
समरकंदला माझी मेहुणी आहे, आठवडाभर राहा,
निवांत बघ.
म्हणाली, निवांत तर मी एकाहत्तर वर्षं बसलेच आहे,
ह्याच खिडकीशी.
मग सुई न थांबवता, समरकंदला किती वेळ म्हणालास?
पन्नास मिनिटं.
पन्नास मिनिटांत माझी एक पाकळी भरून होते.
एकच ना?
एकच. पण पुरी.

निघताना नानचा एक घास तोडला,
उरलेला सुनेकडे दिला खुंटीला टांगायला,
परत येऊन संपवीन म्हणाली.

समरकंदला सगळे फोटोंना धावले.
आपा एका भिंतीशी गेली, नाक टेकेल इतकी जवळ,
आणि बोट ठेवलं एका फरशीवर,
नक्षी तिथे वाकडी वळली होती.
नोरमुरोद, इथे कुणीतरी चुकलाय बघ!
इतकी खूश, जसं माहेरचं माणूस भेटावं.
पन्नास मिनिटं तिथेच.
पाठीमागच्या दोन इमारतींकडे वळूनही पाहिलं नाही.
मी पाच मिनिटं वाढवून दिली, तीही त्याच फरशीला गेली.

बुखाऱ्यात उतरलीच नाही.
हे काय, हे तर बाजाराला येते तेव्हा दिसतंच.
बसमध्ये पाय पसरून झोपली छान.

वाळवंटात मात्र ती एकटी जागी, मी सोडून.
आमूच्या पुलाअलीकडे म्हणाली, थांबव.
थांबा कार्यक्रमात नाही, आपा.
थांबव.
चार मिनिटं. पाणी मातकट, संथ.
माझा दोरा ह्या पाण्यावर वाढतो, म्हणाली,
मी ह्याला कधी बघितलंच नव्हतं.
मागे कुणीतरी घड्याळ बघून खाकरलं.

खिव्यात तो बुटका मिनार, अर्ध्यावर सोडलेला.
सगळे विचारत होते का, कुणी, कुठला राजा.
आपा मोठ्याने हसली, शहाणा गवंडी!
मीही एक कोपरा भरायचा ठेवतेच,
सगळं भरून झालं तर उद्या काय करणार?

आता हिशोब मांडतो मी रोज रात्री, गाडी पुसताना.
त्याच बसमधल्या एका जोडप्याने कागदावर लिहिलं होतं,
फार घाई, काहीच नीट पाहता आलं नाही.
खरं आहे ते. शब्दन् शब्द खरा.
आणि आपाने तीन शहरांत मिळून
एक फरशी पाहिली, एक नदी, एक अर्धवट मिनार,
तेही खरं.
पुढच्या गिऱ्हाइकाला काय सांगू, मला ठरवता येत नाही.

शेवटी तिलाच विचारलं, तिच्या ओट्यावर.
ती तो वाळका नान चहात बुडवत होती.
पैसे वसूल झाले का, आपा?

तिने मांडीवरचं कापड उचललं, उलटं केलं.
मागे सगळ्या गाठी, लोंबते धागे,
रंग बदलताना मारलेल्या लांब उड्या.
तुझी गाडी, म्हणाली,
खिव्याहून ताश्कंदला अशी उलटी जाते का रे कधी?